इंदूबाईची बंद खोली

घाटंजीपासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या त्या गावात "आमच्या घरचं मीठ संपलं" असं कधीच न म्हटलेली एकच बाई होती. इंदूबाई, पुंडलिकरावांची बायको. लोक तिला पाठीमागे मुंगी म्हणायचे आणि अडलं-नडलं की वाटी घेऊन तिच्याच दारात उभे राहायचे. गावाचा न्याय असाच असतो, त्याला कोण काय करणार.

तिची ही खोड माहेरची. सहा भावंडांचं घर, आणि एका श्रावणात पिठाचा डबा खडखडीत. आठ वर्षांच्या इंदूला आईनं शेजारी धाडलं. शेजारणीनं पीठ दिलं, पण उंबऱ्याबाहेर उभं करून, वरून टाकल्यासारखं दिलं. ते पोरीच्या मनात रुतून बसलं. लग्न होऊन या घरी आली तशी तिनं घराच्या मागच्या अंगाची जाड भिंतींची खोली ताब्यात घेतली आणि तिची कोठी केली. एक दार, एक खिडकी, भिंतीला लागून पत्र्याच्या टाक्या. चैत्रात गहू वाळवून कडुनिंबाच्या पाल्यात भरायचा, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, मुगाला राख. एक लागेल तिथं दोन ठेवायचे, हा तिचा नेम. चाळीस वर्षं तो कधी चुकला नाही.

मग ते दुसऱ्या लाटेचं वर्ष आलं. दोन हजार एकवीसचा चैत्र.

घाटंजीचा बाजार बंद झाला. गल्लीत आठ दिवसांत तीन माणसं गेली. ज्याला दवाखान्याची गाडी यवतमाळला घेऊन जायची, त्याचा फक्त फोन यायचा, माणूस यायचा नाही. भर दुपारी सगळ्या गावाची दारं लावलेली. कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून सावलीला गप पडलेली असायची. माणसाचा आवाज म्हणून काही ऐकू यायचा तर तो बंद दारामागच्या खोकल्याचा. लांबच्या घरात कोणी खोकलं तरी आपल्या घरात खोकल्यासारखं वाटायचं.

इंदूबाईला स्वतःला चार दिवस ताप येऊन गेला होता. ती उठून कामाला लागली, पण नाक गेलं. फोडणी जळून कोळसा झाली तरी कळेना. "जीव राहिला ना, नाकाचं काय लोणचं घालायचं आहे," म्हणाली आणि साठवणीला लागली. सून वैष्णवी सात महिन्यांची गरोदर होती. मुलगा रजत पांढरकवड्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरीला, तिकडेच अडकलेला. त्यानं तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, वाफेचं यंत्र आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असं सगळं पाठवलं होतं. इंदूबाईनं ते बिस्किटाच्या डब्यात नीट रचलं, चिठ्ठ्या चिकटवल्या. तेल, तांदूळ, डाळ, सगळं दुप्पट. बाळंतिणीचा डिंकसुद्धा आणून ठेवला. आता दिवाळीपर्यंत उंबरा ओलांडायची गरज नव्हती.

गव्हानं मात्र दगा दिला. अंगणात वाळत घातलेल्या गव्हावर अवकाळी पाऊस कोसळला. पुंडलिकराव पोती ओढता ओढता चिंब झाले, तरी निम्मा गहू ओला झाला. त्यानंतर तीन दिवस आभाळ काही उघडेना. ओला गहू पाल्यात काय टिकणार. तेव्हा गावालगतच्या बंजारा तांड्यावरचा लखीराम मदतीला आला. तो घाटंजीच्या एका धान्याच्या गोदामात हमाली करायचा.

"काकू, हा गहू असाच भरला तं महिन्याभरात भुंगेच भुंगे होतीन," तो म्हणाला. "माह्यापाशी गोदामातल्या गोळ्या आहेत. पोत्याले एक टाकजा. खोली बंद ठेवजा, अन् तिकडं जास्त जाऊ नोका."

एक म्हणजे इंदूबाईच्या हिशेबी दोन. तिनं प्रत्येक पोत्यात, प्रत्येक टाकीत दोन-दोन गोळ्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधून खोचल्या. टाक्या इतक्या भरल्या होत्या की झाकणं बसेनात. त्यांच्यावर तिनं पांढरा प्लास्टिकचा कागद पसरला. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. भीती वाटली नाही का, असं कोणी विचारेल. कायची भीती? बोंडअळीच्या त्या सगळ्या वर्षांत कपाशीवर काय काय फवारलं या लोकांनी. पुंडलिकराव तोंडाला रुमाल बांधून दिवसभर फवारायचे आणि त्याच हातानं भाकर खायचे. विषाची अशी सवय लागली होती की विष म्हणजे फक्त तोंडात जातं तेच, अशी घरोघरी समजूत. ह्या गोळ्या काय कोणी खाणार होतं?

दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांचं अंग तापलं. घसा धरला. पावसात भिजलेला माणूस, पण त्या दिवसांत पावसाचं नाव कोण घेणार.

"आई, बाबाले समोरच्या खोलीत ठेवू," वैष्णवी म्हणाली.

"समोरून तुहं जाणं-येणं. पोटात लेकरू आहे तुह्या. मागची खोली चांगली बंद आहे, गार आहे, तिची हवा इकडं येत नाही."

बंद खोली म्हणजे रोग आतल्या आत, असा तिचा विचार. त्यात तिचं काय चुकलं? सगळा मुलूख तेच करत होता. तिनं कोठीत बाज टाकली, पाण्याचा माठ ठेवला, खिडकीवर ओलं पोतं टांगलं. संध्याकाळी पुंडलिकराव झोकांड्या खात अंगणात आले आणि वैष्णवी तिथंच उभी होती. इंदूबाईनं त्यांना हाताला धरून परत नेलं आणि बाहेरून कडी लावली. कडी लावताना तिला वाईट वाटलं. पण तिनं लावली.

सकाळी त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या.

"इंदू, वास येते," ते म्हणाले. "सडल्या लसणाचा. नाहीतं मासे सडल्यावानी."

"लसूण तं स्वयंपाकघरात आहे. अन् मासे आपल्या घरी कधी आले? तुमच्या नाकाले रोग लागला. माह्यं नाक गेलं, तुमचं उलटं फिरलं."

तिला एकीकडे धीरसुद्धा आला. आपल्याला हा रोग ओळखता येतो, आपल्याकडे डबाभर औषध आहे. तिनं तापाची गोळी दिली, ओआरएस पाजलं, बोटाला यंत्र लावलं. सत्त्याण्णव. दुपारी परत लावलं. सत्त्याण्णव. यंत्र म्हणे माणूस ठणठणीत, आणि माणसाचा चेहरा राखेसारखा पडत चाललेला. इंदूबाईनं यंत्रावर विश्वास ठेवला.

त्या दुपारी ती पेजेची वाटी घेऊन आत गेली आणि थबकली. काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते लवकर कळेना. मग कळलं, की आढ्यावर उंदीर नव्हते. चाळीस वर्षं ज्यांना तिनं शिव्या घातल्या, त्यांची खुडबुड थांबली होती. उंबऱ्यापाशी पाल उताणी पडलेली. थोडं पुढं दुसरी. भिंतीवरून चढणारी मुंग्यांची रांग होती तशीच होती, फक्त चालत नव्हती. इंदूबाईनं झाडणीनं ती खाली पाडली. एकही मुंगी हलली नाही. घरात मरण फिरून राह्यलं, तिला वाटलं, आणि तिनं देवीचं नाव घेतलं.

"त्या कोपऱ्यात कोण बसलं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"कोणी नाही."

"पांढरं लुगडं नेसलं. बोलत नाही. नुसतं पाहून राह्यलं माह्याकडं."

तिनं वळून पाहिलं. टाक्यांवरचा पांढरा कागद होता तो. पण खिडकी बंद, वारा नाही, तरी तो एका बाजूनं उचलल्यासारखा दिसला. तिचंही डोकं गरगरायला लागलं होतं. आपला ताप उलटला असं समजून ती बाहेर आली, आणि अंगणात आल्यावर तिला बरं वाटलं.

दारामागून ते दोनदा म्हणाले, "इंदू, दार उघड, मले बाहेर झोपू दे." ती दाराला टेकून उभी राहिली. तिला रडू येत होतं. बाहेर झोपवलं तर कोणीतरी पाहील, खबर जाईल, गाडी येईल. गाडीत गेलेला माणूस परत येत नाही. "दोन दिवस कळ काढा, मी तुमाले कुठंच जाऊ देत नाही," ती दारातूनच म्हणाली. ह्या माणसाला घरातच जगवायचं, एवढं एकच तिनं धरून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याची आशाताई, जमनाबाई, घरोघर ताप तपासत आली. तांड्यावरची बाई, आवाज मोठा, पाय अनवाणी, तोंडावर दोन-दोन मास्क. इंदूबाईनं लपवायला पाहिलं. पण मागून ओकारीचा आवाज आला आणि जमनाबाई सरळ मागच्या खिडकीशी गेली. हाक ऐकू जावी म्हणून तिनं मास्क खाली ओढला, आणि हाक मारलीच नाही.

"काकू, हा वास कायचा?"

"कोणता वास?"

"लसणाचा. आत काय ठेवलं?"

"गहू."

"अन् गव्हात?"

"गोळ्या. लखीरामनं देल्लेल्या."

"अवो याडी," जमनाबाईच्या तोंडून हळूच तिच्या बोलीतली 'आई गं' निघाली. "त्या गोळ्यायचा गॅस होते. माह्या बहिणीच्या गावी अशाच खोलीत दोन लेकरं झोपले. सकाळी उठलेच नाही." आणि ती धावली. कडी काढली, पदर नाकाला लावला, बाज पायाकडून धरली आणि बाजेसकट माणूस अंगणात ओढून आणला. बाजेचा दुसरा पाय कोणी धरला ते तिला ठाऊक नव्हतं. तो इंदूबाईनं धरला होता.

पुंडलिकरावांचे हात थंडगार होते. डोळे अर्धे उघडे. इंदूबाई त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणत राहिली, "मीच. मीच कोंडलं. सांगतलं होतं त्यायनं, वास येते म्हणून." वैष्णवी भिंतीला धरून रडत होती. गाडी यायला तास लागला. जिच्या भीतीनं कडी लावली त्याच गाडीची वाट पाहत इंदूबाई रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

पुंडलिकराव वाचले. नशीब बलवत्तर, दुसरं काय. अकरा दिवसांनी रजत त्यांना घेऊन आला. दोनदा तपासणी झाली होती आणि दोन्ही वेळा कोरोना निघाला नव्हता. दवाखान्यात शुद्ध आल्याबरोबर त्यांनी रजतला बजावलं, फोनवर जमनाबाईलाही बजावलं. गावात म्हणायचं, कोरोनाच होता. गोळ्यांचं नाव काढायचं नाही. इंदूला गाव खाऊन टाकेल.

बाई ग, त्या माणसाची माया. पण मायेचंही कधी कधी वाटोळं होतं.

कारण गावानं ऐकलं, ते असं, की पुंडलिकरावाला एवढा मोठा कोरोना झाला आणि तो इंदूबाईच्या साठवणीनं वाचला. घरातच औषध, घरातच धान्य, बंद खोली, म्हणून माणूस जगला. जी मुंगी म्हणून हसत होती ती माणसं लांब उभी राहून हात जोडायला लागली. कोणी डब्यातल्या गोळ्यांची नावं लिहून नेली, कोणी खोली पाहून गेलं. खोलीचं दार-खिडकी आता रात्रंदिवस सताड उघडी होती, गहू जमनाबाईनं सांगितल्याप्रमाणे बाहेर काढला होता. पण ते कोणी विचारलं नाही. इंदूबाई कोणाला काही बोलायची नाही. घास तोंडात फिरायचा. कौतुक ऐकलं की तिला उठून जावंसं वाटायचं, आणि पुंडलिकराव बाजेवरून तिच्याकडे पाहून मान हलवायचे, की नको, बोलू नको.

असे सात-आठ दिवस गेले. एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली रुपीबाई आली, चपला काढून अंगणाच्या कडेला बसली. भोळी बाई, हात सतत कामात.

"मी पण भरून घेतलं बाप्पा, तुमच्यावानीच," ती सांगायला लागली. "तांदूळ, तेल, तापाच्या गोळ्या. गहू पण भरला मागच्या खोलीत. लखीरामच म्हणे, इंदूबाई माह्याच गोळ्या नेते. तो एक टाक म्हणे. मी म्हटलं, इंदूबाई एक लागते तिथं दोन ठेवते, तिनं दोनच टाकल्या असतीन, अन् तिचा माणूस वाचला. मी पण दोनच टाकल्या. म्हटलं एकडाव इचारून घ्यावं, बरोबर केलं ना मी?"

पुंडलिकरावांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. ते इंदूबाईकडे पाहायला लागले. इंदूबाई उठली, रुपीबाईच्या समोर येऊन बसली. लांब बसायचं वगैरे तिला काही आठवलं नाही.

"रुपी, ऐक. कोरोना नव्हता. कोरोना कधीच नव्हता. त्या गोळ्यायनं मी ह्या माणसाले मारत होती. बाहेरून कडी लावून मारत होती."

रुपीबाईला ते पटेना. तिनं पुंडलिकरावांकडे पाहिलं. गेले कितीतरी दिवस जो माणूस मान हलवून नाही नाही म्हणत होता, त्यानं या वेळी मान हलवली ती होकाराची.

रुपीबाई उठली आणि पळत सुटली. चपला अंगणाच्या कडेला तशाच राहिल्या. तिच्या सासऱ्याला परवापासून ताप होता, आणि तिनंही बाहेरून कडी लावली होती.