उघाडीच्या फळ्यांची पेटी

काळुराम केणी दिवाळी झाली की शिलोत्र्याच्या मिठागरात उतरायचा आणि वैशाखात शेवटची रास लागली की वर यायचा. शिलोत्री म्हणजे मिठागराचा मालक. काळुरामच्या बापाने त्याच्याच खाजणात, खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, जन्म काढला, आजाही तिथेच वाकला. कळव्याच्या खालच्या अंगाला खाडीकाठी जी पंचवीस-तीस घरं होती, तिथे कुणाला याचं काही वाटत नसे. काळुरामला मात्र वाटायचं. खाऱ्या पाण्यात उभं राहून टाचांना भेगा पडतात, त्या पावसातही मिटत नाहीत. चाळिशी यायच्या आत आपण मिठातून कायमचे वर यायचं, एवढं त्याने मनाशी धरलेलं होतं, आणि वर येण्याचा त्याचा रस्ता लाकडातून जात होता.

सुतारकाम त्याला मधु सुताराने शिकवलं. मधु पलीकडच्या गावचा. म्हातारपणी हात कापायला लागले, तेव्हा त्याने आपल्या घराचं अख्खं छप्पर काळुरामकडून नव्याने चढवून घेतलं आणि बदल्यात हत्यारं दिली. दोन रंधे, एक करवत, गुण्या आणि विलायती पोलादाच्या सहा पटाश्या. अशी पटाशी लाकडात घातली की चरचर आवाज येत नसे, लोण्यात सुरी गेल्यासारखी जायची. काळुरामने घराच्या पडवीत एक ओंडका रोवला, त्याला फळी ठोकली, आणि तोच त्याचा कारखाना झाला. गावातली माणसं येता-जाता बघायची. आगऱ्याचा पोर रंधा मारतो म्हणजे उद्या सोनार नांगर धरणार, असं कुणीतरी म्हणायचं आणि तिथेच बसून तंबाखू मळत तासभर रंध्याची सालपटं उडताना बघायचं.

अडचण एकच होती. घर खाडीवर, वारा खारा. हत्यारं गोणपाटात गुंडाळून तेल लावून आढ्याला टांगली तरी दर पावसाळ्यात एक पटाशी हातची जायची. सहाच्या चार झाल्या होत्या.

आणि त्या वर्षी, त्रेपन्न साली, चैत्रात त्याला पहिलं खरं काम मिळालं. नौपाड्यात त्र्यंबकराव मोडक घर बांधत होते. रेल्वेत ओव्हरसिअर होते, नुकतेच पेन्शनीत निघालेले. काळुरामने त्यांच्या शेजाऱ्याचं फाटक दुरुस्त केलेलं त्यांनी पाहिलं होतं. चौदा खिडक्या आणि पाच दारं, सागवानाची. लाकूड पावसात सुकू द्यायचं, श्रावण सरताना काम सुरू करायचं, दसऱ्याच्या आत लावून द्यायचं. एवढं काम नीट झालं तर नौपाड्यात पायाच पक्का, आणि मग मिठागरात उतरायचं कारण उरणार नव्हतं. पण त्यासाठी चारही पटाश्या पावसाळाभर धडधाकट राहायला हव्या होत्या. म्हणून काळुरामने ठरवलं, यंदा पेटी घ्यायची. हत्यारांना राहायला धड घर.

पेटी बघायला तो कल्याणला गेला. कल्याणच्या पलीकडे लढाईच्या दिवसांत लष्कराची छावणी होती, तिथे आता सिंधी निर्वासितांची वस्ती झाली होती. कॅम्पातल्या रस्त्यांवर जुन्या लष्करी सामानापासून नव्या पलंगापर्यंत काय म्हणाल ते विकायला असायचं. काळुरामची पारखायची रीत त्याची त्याने काढलेली होती. विडी पेटवायची, पेटीत तोंड घालून धूर सोडायचा, झाकण लावायचं आणि बाजूला उकिडवं बसून बघायचं. धूर बाहेर आला तर दमट हवाही आत जाणार.

पत्र्याच्या ट्रंकेतून धूर चुलीतून निघावा तसा निघाला. शिवाय ट्रंकेचा पत्रा इतका पातळ की करवत ठेवली तर फाटेल. एका सुताराकडे सागवानी पेटी होती, ती अव्वल होती, पण तिच्या किमतीत म्हैस आली असती. मग रतन नावाच्या दुकानदाराने त्याला आपल्याकडे बोलावलं. दुकान म्हणजे ताडपत्री. तिच्याखाली हिरव्या रंगाची एक लष्करी पेटी पडली होती. बाहेरून जाड लाकूड, आतून जस्ताचा पत्रा, झाकणाला रबराची पट्टी. एक कोपरा चेपलेला आणि पांढऱ्या रंगात इंग्रजी आकडे. बारा रुपये. काळुरामने धूर सोडला. झाकण लावलं. विडी संपली, दुसरी संपली, धूर काही बाहेर आला नाही.

तरी त्याने घेतली नाही. एक तर ती दिसायला अशी, की मधु सुताराची हत्यारं तिच्यात ठेवायची लाज वाटावी. दुसरं म्हणजे तिच्यातून माणसं मारायचं सामान गेलेलं. आणि तिसरं, हे खरं कारण होतं पण रतनला सांगण्यासारखं नव्हतं: जो माणूस मोडकसाहेबांच्या चौदा खिडक्या करणार, त्याने स्वतःची पेटी विकत घ्यायची? रतनने शांतपणे विचारलं, "भाऊ, पेटी लेने आया था या बिडी पीने?" काळुराम हसला आणि गाडीच्या वाटेला लागला.

घरी येईस्तोवर पेटी आपणच करायची असं त्याचं ठरलंही होतं. मिठागराच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं दार. जुनी उघाडी त्या साली काढून नवी बसवली होती, आणि जुन्या फळ्या बांधावर पडून होत्या. अस्सल साग, तीस वर्षं मिठात मुरलेला. काळुरामला लहानपणापासून माहीत होतं की मिठात मुरलेल्या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही. सगळ्या खाडीला माहीत होतं. मुकादमाला विचारून त्याने त्या फळ्या उचलल्या, वैशाखाच्या उन्हात पंधरा दिवस उलटसुलट वाळवल्या, रंधा मारला. आतून लाकूड मधासारखं निघालं.

पेटी बघायला माणसं लोटली, हे काही उगाच नाही. कोपरे असे बसवले होते की नख शिरत नव्हतं. एक खिळा नाही. आत प्रत्येक पटाशीला वेगळा खण, करवतीला झाकणात जागा. धूर सोडला तर तो आतच जिरला. काळुरामने हत्यारांना गोडं तेल लावलं, फडक्यात गुंडाळली, झाकण लावलं आणि सगळ्यांना बजावलं की पाऊस सरेपर्यंत कुणी पेटी उघडायची नाही, दमट हवा आत गेली तर माझ्यासारखा वाईट नाही. मग तो भाताच्या लावणीला लागला.

त्याची बायको सगुणा कमी बोलणारी. पेटीवरून फडकं मारताना एकदा तिला झाकण ओलं लागलं. तिने छपराकडे बघितलं, गळत नव्हतं. तिने ते पुसून टाकलं.

आषाढाच्या अवसेला घरोघर दिवे घासून पुजतात. लावणी आटोपली होती, पाऊस जरा उघडला होता. हत्यारांनाही तेलाचा हात द्यावा म्हणून काळुरामने पेटी पडवीत ओढली आणि झाकण उचललं. झाकण जड लागलं. आतल्या बाजूला घामासारखे थेंब उभे होते. फडकी ओलीचिंब होती आणि तांबडी झाली होती.

पटाश्या एकेक करून त्याने बाहेर काढल्या. दोहोंवर गंज चढला होता, तिसरीला धारेजवळ खड्डे पडले होते. चौथीची धार तर भाजलेल्या पापडासारखी झाली होती. रंध्याचं पातं, करवतीचे दात, सगळं लाल. मग बोटाने झाकणावरचा थेंब पुसून त्याने जिभेला लावला.

सगुणा दिवे घासत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"मीठ पावसान पाझरतंय, ह्यो आता आगऱ्याला कोनी सांगाचा?" ती म्हणाली. "माज्या मिठाच्या मडक्याखाली आखाडात वाटी ठेवतंय मी. तुमी बगताव रोज. तुमी तं हत्यारा मडक्यानच भरून ठेवलीव."

दमट हवा आत येऊ नये म्हणून काळुरामने सगळ्या फटी बुजवल्या होत्या, आणि ओल फळ्यांच्या पोटातच बसली होती. उन्हात वाळली तेव्हा पाणी गेलं, मीठ कुठे जाणार? आभाळ भरून आलं की ते मीठ पुन्हा पाणी पिणार. पन्नास पिढ्या मीठ पिकवणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाने ही चूक केली होती. दुसऱ्या कुणी केलीच नसती, कारण दुसऱ्या कुणाला मुरलेल्या लाकडाचा एवढा अभिमान नसता.

चार दिवस त्याने रॉकेल आणि विटेची भुकटी घेऊन हत्यारं घासली. दगडावर पटाश्या उगाळून उगाळून मनगटं सुजली. तीन पटाश्या वाचल्या, बोटाच्या पेराएवढ्या आखूड होऊन. चौथी गेली. करवतीला नवे दात पाडून घ्यायचे तर ठाण्यात महिनाभराचा खोळंबा होता. हे काही न सांगता काम सुरू करता आलं असतं. सगुणेच्या भावाने तसं सुचवलंही. काळुराम पाचव्या दिवशी सकाळी वाचलेली एक पटाशी घेऊन पूल ओलांडून नौपाड्यात गेला.

त्र्यंबकराव अंगणात खुर्ची टाकून गवंड्यांवर लक्ष ठेवून होते. काळुरामने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उघाडीच्या फळ्या, धूर, झाकणावरचे थेंब, गेलेली पटाशी. काम आठ दिवस उशिरा धरावं लागेल हेही सांगितलं. त्र्यंबकरावांनी चष्मा काढून पुसला.

"हे मला सांगायला कशाला आलास? मला कळलंही नसतं."

"कललं आसतं, साहेब. पयल्या खिडकीलाच. मागनं तुमी सांगण्यापेक्षा आदी मीच सांगतंव."

त्र्यंबकरावांनी मग सागवानाचे दोन तुकडे पुढे केले आणि वाचलेल्या पटाशीने साल-भोक, म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवायचा सांधा, करून दाखवायला सांगितलं. काळुराम तिथेच मातीत बसला. अर्ध्या तासाने त्याने दोन तुकडे जोडून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ओढून बघितले, उजेडाकडे धरून बघितले. शेजारी गवंडीही थांबून बघत होते. खिडक्यांचं काम दसऱ्याच्या नंतर चार दिवस गेलं तरी चालेल, दारं मागून लावली तरी हरकत नाही, असं ते म्हणाले, आणि पटाशीपेक्षा त्यांना दुसरीच काळजी होती.

"हत्यारं ठेवणार कशात?"

"आजच घेतंव," काळुराम म्हणाला.

कॅम्पात पोचेपर्यंत दुपार झाली. हिरवी पेटी ताडपत्रीखाली तशीच होती. रतनने त्याला लांबूनच ओळखलं आणि स्वतःची विडी पुढे केली, "लो, धुवाँ छोडो." काळुरामने विडी घेऊन कानावर ठेवली. पेटी उलटी केली, पालथी केली, आणि मग खाली वाकून तिचं लाकूड चारी कोपऱ्यांना एकेकदा चाटलं. रतन बघतच राहिला. शेजारच्या पलंगवाल्यानेही हातोडी खाली ठेवली. चाटून झाल्यावर काळुरामने तोंड पुसलं आणि दहा रुपये देतो म्हणाला. जो माणूस पेटी चाटतो त्याच्याशी घासाघीस कशाला करायची, असं रतनला वाटलं असावं. दहाला दिली.

ठाण्याला उतरून पेटी डोक्यावर घेऊन पूल ओलांडला तेव्हा गावच्या बायका मासळी घेऊन येत होत्या. लढाईवर चाललास काय रे, असं एकीने विचारलं. तो हो म्हणाला. घरी सगुणेने पेटीचा चेपलेला कोपरा बघितला, आकडे बघितले, आणि आत हात घालून तळ चाचपला. कोरडा होता. तिने हत्यारं आणून दिली.

खिडक्या दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी लागल्या. त्र्यंबकरावांनी चौदाच्या चौदा उघडून-मिटून बघितल्या. अकरावी घासत होती, ती तिथल्या तिथे उतरवून तासावी लागली. दारांना आणखी महिना गेला. दारं लावताना पाठच्या घरातला एक मास्तर रोज येऊन उभा राहायचा, शेवटी त्याने आपल्या माडीच्या कठड्याचं माप घ्यायला बोलावलं.

दिवाळीनंतर मिठागराचा मुकादम घरोघर माणसं विचारत फिरला. काळुरामच्या पडवीत आला तेव्हा काळुराम कठड्याच्या गजांना आकार देत होता, आणि मान वर न करता त्याने मुकादमाला पाट सरकवला. मुकादमाने विचारलं, यंदा मीठ पिकवायला कोणता कुंड घेतोस.

"यंदा नाय," काळुराम म्हणाला. "कुंड दुसऱ्याला द्या."

मुकादम पाटावर टेकला. मग आपल्या घरच्या दाराची कडी नीट बसत नाही, ते कधी बघशील, असं त्याने विचारलं. काळुरामने पौषाचा वायदा दिला आणि पुढचा गज उचलला.