पाचवा रकाना

पडदा वर जातो तेव्हा वरूडजवळच्या संत्राबागेत भरदुपार आहे. वारा नाही. बुंध्यांना कमरेइतकी पांढरी पेस्ट लावलेली; धोतरं नेसलेली माणसं रांगेत उभी असावीत, तशी ती झाडं. त्यातल्या बारांवर तोडणीची लाल फुली आहे. मशीनवाल्या कुलदीपनं त्यातलं एक नुकतंच आडवं केलंय.

फुल्यांची यादी साधनाची. तेल्हाऱ्याची ही पोर अमरावतीत बागायतदारांच्या संघात झाडांचा तक्ता सांभाळते. प्रोग्राम लिहायचा, हवे ते रकाने उचलायचे, बाकीचे गाळायचे. प्रोग्राममध्ये रकान्यांची नावं लिहायचा मात्र तिला कंटाळा; ती नुसता क्रमांक टाकायची. पहिला म्हणजे झाडाचा नंबर, पाचवा म्हणजे डिंक्या रोग. पाचव्यात काही लिहिलेलं असेल, ते झाड तोडायचं. चार वर्षं कधी चुकलं नव्हतं.

आज ती तोडणी पाहायला आली, तर बागेची मालकीण दुर्गाबाई तिला फुल्यांच्या झाडांमधून फिरवू लागली.

"हे आमचे मालक, पंजाबराव. ते पलीकडं सासरे, जानराव."

साधनानं वळून पाहिलं. कोणीच नव्हतं.

"कुठं आहेत, आजी?"

"तुह्या पुढ्यात तं उभे हायेत! डोये फुटले का वं?" दुर्गाबाईनं बुंध्यावर हात ठेवला. "राख सावडली का बागेत पुरतो आमी. वर कलम लावतो. रोगाची झाडं तं तिकडं नाल्याकडं हायेत, डिंक गळून राहिला त्यायचा. तुमी आमचीच माणसं कावून निवडली?"

फुलीचा प्रत्येक बुंधा कोरडा, धडधाकट होता. साधनानं तिथंच बसून लॅपटॉप उघडला. पाचव्या रकान्यात रोग नव्हताच. नावं होती. एकाखाली एक, बारा. वर मथळा: 'रक्षा'. कुठल्या झाडाखाली कोणाची राख, ते लोक आपणहून सांगतात म्हणून झाडांच्या मोजणीदार गोवर्धननं यंदा मधेच हा रकाना घातला होता. डिंक्या सहाव्यावर सरकला होता.

मागं मशीन घरघरलं. कुलदीप पंजाबरावांच्या झाडाशी पोचला होता. साधना धावली आणि बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

मशीन थांबलं, आणि त्या शांततेत अकरा जणांनी एकदम श्वास सोडल्यासारखं काहीतरी तिला ऐकू आलं. कुलदीपला नाही.

आडव्या झाडाशी दुर्गाबाई बसली होती. "माही जाऊ. शकुन," ती एवढंच म्हणाली.

साधना ओल्या खोडाजवळ वाकली.

"शकुनबाई, म्या तुमचं नाव वाचलंच नाही वं. नुसता नंबर पाह्यला."