लोकरीचा काळा दोरा

माझा साडू ट्रकखाली शिरत नाही. ट्रकशेजारी खुर्ची टाकतो, मांडीवर लॅपटॉप घेतो आणि बसतो. मला त्याचं सगळ्यात जास्त काय खुपत असेल, तर ती खुर्ची. चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं गॅरेज जुनं, आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडं, त्याचं नवं. जागा मीच सुचवली होती. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आपला माणूस जवळ असलेला बरा, असं तेव्हा वाटलं. आता जेवताना बायको म्हणते, "त्यांच्या हाताला कधी ऑइल दिसत नाही, बघा." मी भाकरी मोडत राहतो.

मोडनिंबकडचा एक गाडीवाला मात्र माझा होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला, स्वतःची गाडी स्वतः चालवणारा. त्याच्या जुन्या ट्रकच्या इंजिनाला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. नवा ट्रक घेतला तेव्हाही बायकोला शेजारी बसवून तो आधी माझ्याच दारात आला. पेढे दिले. मग डोकं खाजवत म्हणाला, "मिस्त्री, ह्याचं काम मातर समूरच्या सरांकडं करावं लागंल. ह्यात समदं सेन्सरचं हाय."

मी मिस्त्री, आणि काल दुकान उघडलेला तो सर. पेढा तोंडात तसाच राहिला.

"गाडी झ्याक हाय," मी म्हणालो, "बघू की, किती दिवस अशी चालती."

केबिनमधून त्याच्या बायकोनं माझ्याकडं नीट बघून घेतलं.

दिवाळी झाल्यावर तोच ट्रक साडूच्या दारात येऊन उभा राहिला. स्टार्टर मारला की इंजिन नुसतं फिरत राही, फार वेळानं चालू होई, आणि झालं तरी गाडीला ओढ नाही. लॅपटॉपनं निकाल दिला: इंजिनाचा वेग सांगणारा सेन्सर सापडत नाही. सेन्सर तर जागेवर होता, बोटाएवढा. साडूनं पुण्याहून नवा मागवून बसवला. लॅपटॉपचं आपलं तेच, सेन्सर नाही.

इकडं मला उकळ्या फुटत होत्या. नट आवळताना मान समोर, चहा प्यायचा तोही रस्त्याकडं तोंड करून. आपल्या माणसाचं वाईट चिंतू नये हे मला कळतं. पण कळणं वेगळं आणि पोटात दुखणं वेगळं. गाडीवाला तिकडं बाकावर बसून होता. अजून इकडं कसा येत नाही, याचीच मी वाट बघत होतो.

तो नाही आला. साडू आला.

"दादा, जरा बघता का? माझं डोकं चालेना."

इतक्या सरळपणानं विचारलं की मला त्याचाही राग आला. हरलेल्या माणसानं निदान तोंड पाडून तरी यावं.

इंजिन उघडं करायला केबिन पुढं पाडलेली होती. लॅपटॉपमधलं मला ओ की ठो कळत नाही. ते उघडं पडू नये म्हणून मी सेन्सरपासून वायर हातानं चाचपत निघालो. इंजिनाच्या मागं, जिथं वायरींचा जुडगा चासीकडं, गाडीच्या लोखंडी सांगाड्याकडं जातो, तिथं लोकरीचा काळा दोरा होता. जुडगा आणि चासीची पट्टी एकत्र घेऊन करकचून बांधलेला. इंजिन हललं की वायरींना जराही सैल जागा नाही. ओढ बसून बसून तिथला जोड अर्धा निसटला होता. वरून बघणाऱ्याला मात्र तो बसलेलाच दिसे.

"हा दोरा दिसला नाही तुला?"

"दिसला की. देवाचा असेल म्हणून हात लावला नाही."

त्याच्या माणसांनी तर दोऱ्याला नमस्कार करून कडेकडेनं काम केलं होतं.

मला वाटलं, आला आपला दिवस. गाडीवाल्याला हाक मारली, निसटलेला जोड दाखवला आणि दोरा कापायला चाकू उघडला. त्यानं माझं मनगट धरलं.

"थांबा मिस्त्री. तुमी नका."

"मग कुणी?"

"सर सोडतील की."

"आरं, सापडला मला."

"व्हय. पर तुमी नका." तो खाली बघत होता. "आईनं वळून दिलाय, दृष्टीसाठी. कारभारीण म्हनली, इंजिनालाच बांधा."

"कुणाची दृष्ट?"

त्यानं माझं मनगट सोडलं. मला पेढ्याचा दिवस आठवला, आणि केबिनमधून बघणारी त्याची बायको. चाकू मिटून मी खिशात टाकला. कान तापले होते. राग आला म्हणावं, तर कुणाचा ते कळेना.

साडूनं गाठ न कापता, नखानं हळूहळू सोडवली. जोड दाबून बसवला. केबिन खाली घेऊन चावी फिरवताच इंजिन चालू झालं. गाडीवाल्यानं साडूचे हात धरून "सर, झालं की काम" म्हटलं, आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मग दोरा नेऊन डाव्या आरशाला बांधला. शहराकडं येताना त्याच्या डाव्या हाताला माझं गॅरेज लागतं.

तो ट्रक अजून या रस्त्यानं येतो. हॉर्न ओळखीचा आहे. तो ऐकला की मी मान खाली घालतो आणि ट्रक पुढं जाईपर्यंत हातातला पाना फिरवत राहतो. उगीच माझं लक्ष जायला नको.