वाल सोलताना वाचलेली कादंबरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून मी एकेक दाणा सालीतून काढत होतो आणि बायको समोर बसून वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचत होती. आमची वाटणीच तशी. ती सातवी शिकलेली, मी दुसरीत शाळा सोडलेला. तिने वाचायचं, मी सोलायचं.

कादंबरीतला माणूस खाडीकाठचा, मुंबईत साहेब झालेला. म्हातारपणी गावी येतो आणि पानापानाला रडतो. ऐन श्रावणात मिठाच्या राशी चमकत होत्या, असं तिने वाचलं आणि दोघंही हसत सुटलो.

"श्रावनात मीठ?" मी म्हणालो. "मिठागर तवा गुडघाभर पान्यात. याच्या बापानं काडलं काय?"

"गप बसा वो. त्याला पाऊस नाय आठवला, पर गाव तरी आठवला. तुमी तर त्यो पन इसरलाव."

हा टोमणा जुना. जासईच्या पुढे मिठागराच्या बांधावर आमची वस्ती होती. दोघंही तिथलेच. न्हावा शेवाचं बंदर आलं, मिठागर भरावाखाली गेलं आणि आम्ही पनवेलला खोली घेतली. पुढे कुणी विचारलं की मी पनवेलचा म्हणून सांगायचो. मिठागरावरचा म्हटलं की लोक आधी पायाच्या भेगा बघतात. ही मात्र भाजीवाल्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना वस्तीचं नाव सांगायची. जागा बुजली म्हणून मी दुसरी झाली काय, असं वर विचारायची.

"मी मेल्यावर तरी खरं सांगाल का, बायको कुठली व्हती ते?"

"तू आदी बिरडं कर," मी म्हणालो. एवढंच उत्तर दिलं मी.

बिरडं झकास झालं. मी दोनदा भात घेतला. जेवून ती पडली. चार वाजता चहाला हाक मारली, तर उठली नाही. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. मेहुणी ओरडली, "दाजी, सुतकात कुटं निंगालाव?"

"नोंद करायला."

पालिकेत मृत्यूनोंदीच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "बाईंचं मूळ गाव?"

सवयीने तोंडात पनवेल आलं. ते गिळलं आणि वस्तीचं नाव सांगितलं.

"असं गाव नाही, बाबा. पनवेल लिहू?"

"गाव व्हता. आता तिथं कंटेनर ठेवतात. तू लिव."

"यादीत नाहीये पण."

"यादी कुनी बनवली? आमी तिथं जल्मलो. लिव."

त्याने लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाला, "आणि तुम्ही कुठले?"

"तिथलाच," मी म्हणालो. मागे रांग वाढली होती. मी बाजूला झालो.