पहिलं बटण मालकाचं

"गप रं जरा. ते काय म्हणतंय आईकू दे."

नवा संगणक सुरू होईना म्हणून कुणी तक्रार करायला लागलं, की अण्णा आधी माणसाला गप्प करत आणि मग डब्याला कान लावत. बीप वाजले की बोटांवर मोजत, "ओंदु, एरडु, मूरु..." गिऱ्हाइकाशी मराठीत, यंत्राशी कन्नडमध्ये, असा त्यांचा कारभार होता. रागवायचे ते मात्र दोघांवरही.

मूळचे सदलग्याचे. निपाणीत संगणक जोडून द्यायचं त्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं. मी लग्नपत्रिका जुळवतो, मराठीत आणि कन्नडमध्ये. एका बीपचा अर्थ सगळं ठीक आणि तीन बीप म्हणजे मेमरी नीट बसली नाही, एवढं मीही भिंतीपलीकडून ऐकून शिकलो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा हट्टी कारागीर असेलच. अण्णांचा हट्ट असा, की जोडलेला संगणक ते स्वतः कधीच सुरू करत नसत. "पयलं बटन मालकाचं," म्हणायचे. एका गुरुजींनी बटण दाबलं तर पडदा काळाच. अण्णांनी सगळं उकललं, एकेक भाग परत बसवत गेले आणि मेमरीच्या खाचेतून चिमट्यानं अक्षतांचा एक दाणा बाहेर काढला. गुरुजींच्या घरी आदल्या दिवशी डबा उघडून पूजा झाली होती.

"गुर्जी, पूजा करा की, पर भाईरनं. आत तांदूळ टाकून भात शिजवायचाय व्हय?"

हा किस्सा ते येईल त्याला ऐकवत. मी निदान वीस वेळा ऐकला असेल, आणि दर वेळी हसलो.

ऐन लग्नसराईत माझा संगणक बंद पडला. अण्णांनी नवा जोडायला घेतला. तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि ऑपरेशनची चालढकल सुरू होती. शनिवारी संध्याकाळी, जैन रिवाजाप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून घाईनं कुलूप लावताना म्हणाले, "झालं तुजं. उद्या येऊन बटन दाब."

रविवारी पहाटे ते झोपेतच गेले.

मला काहीच वाटलं नाही. खांदा दिला, घरी येऊन चहा प्यायलो. बायको माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी आक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, दुकानाची किल्ली घेऊन आल्या.

"त्यास्नी श्रद्धांजलीचं पत्रक करायचं हाय. तूच कर. दुसऱ्या कुनाकडं द्यायचं न्हाय."

"करतो, आक्का. नाव काय टाकू?" मी विचारलं. इतकी वर्षं शेजारी काढून मला त्यांचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, मी मनगटावर लिहून घेतलं.

कुलूप शनिवारचंच होतं. संगणक माझ्या टेबलावर आणला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. ओंदु, एरडु, मूरु. पडदा काळा.

पत्रक दुपारपर्यंत छापायला जायचं होतं. आता भिंतीपलीकडे हाक मारायला कुणी नव्हतं. त्यांच्यासारखंच सगळं उकललं. मेमरी उपसली, खाचेत मोबाइलचा उजेड पाडला. तळाशी तांदळाचा एक दाणा होता, कुंकवानं लाल झालेला.

अण्णांशिवाय त्या संगणकाला कुणाचा हात लागला नव्हता.

साऱ्या गावाची टिंगल करणाऱ्या माणसानं माझ्या संगणकावर गुपचूप अक्षता टाकल्या होत्या. एक दाणा खाचेत पडला तो त्यांना दिसला नसणार.

दाणा काढला, मेमरी दाबून बसवली, बटण दाबलं. "ओंदु," मी मोठ्यानं म्हणालो आणि पुढचा बीप येतोय का ते ऐकत थांबलो. आला नाही. पडदा उजळला.

रडू तेव्हाही आलं नाही. मनगटावरचं नाव बघून मी टाईप करायला लागलो. पत्रकाला फार वेळ लागला, कारण दाणा डाव्या मुठीत होता आणि ती मूठ काही केल्या उघडेना. सगळं पत्रक मी एका हातानं टाईप केलं.