यमाजीची मेंढरं आणि पुष्पाचं इंग्रजी

पिंपरी पेंढारच्या अंगणवाडीत पुष्पा मदतनीस म्हणून लागली, तेव्हा दुसऱ्याच्या वावरातली खुरपणी सुटली एवढ्यावरच ती खूश होती. पण बारा वर्षं खिचडी शिजवता शिजवता आणि पोरांची नाकं पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं, की सेविका गोजरबाई जे करतात ते सगळं आपल्याला येतं. पोरांची वजनं घेणं, रजिस्टर भरणं, मोबाइलवर माहिती चढवणं. खरं सांगायचं तर मोबाइलचं काम पुष्पाच करायची, गोजरबाई शेजारी बसून "झालं का गं?" एवढं विचारायच्या. आता त्या जुलैत निवृत्त होणार होत्या. तालुक्याहून येणाऱ्या मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं, "पुष्पाताई, पहिला हक्क तुमचा. पण बारावी पास पाहिजे. नाहीतर बाहेरची बाई येईल, आणि तिच्या हाताखाली तुम्ही."

हे 'हाताखाली' पुष्पाला फार लागलं. तिनं सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरला. बाकीचे विषय पहिल्या झटक्यात निघाले, इंग्रजी तेवढं पायात अडकलं. पहिल्यांदा एकवीस मार्क, दुसऱ्यांदा सव्वीस. दुसरा निकाल लागला तेव्हा नवरा हनुमंत म्हणाला, "जाऊ दे की आता. इंग्रज कवाच गेलं, तू कशाला त्यांच्या मागं लागतीस?" हनुमंत पिकअप चालवतो, मनानं भला आहे, पण कोणत्या वेळी काय बोलावं हे त्याला आजवर जमलेलं नाही. पुष्पानं भाकरी त्याच्या ताटात जरा जोरातच टाकली आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरला.

गावात सुनील सर म्हणून एक निवृत्त मास्तर आहेत. दर रविवारी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर ते नापासांची शिकवणी घेतात. जानेवारीत त्यांनी एक कागद दिला. वर लिहिलं होतं 'वॉक', म्हणजे चालणे, आणि खाली त्याच्या भाऊबंदांसारखे चौदा शब्द. स्ट्रोल, ट्रज, लिंप, स्ट्रट, टॉटर, स्ट्राइड, असे. उताऱ्यात यातलं काही ना काही येतंच, सर म्हणाले.

पुष्पानं कागद वरून खाली वाचला. "सर, समदं चालणंच हाय तर एवढं शब्द कशाला?"

"प्रत्येकाची छटा वेगळी असते. पाठ करा."

आपल्याकडे मास्तरांना उत्तर सुचेनासं झालं की ते 'पाठ करा' म्हणतात. पुष्पानं पाठ केलं. चुलीपुढं केलं, खिचडी ढवळताना केलं, भांडी घासताना केलं. पुढच्या रविवारी चाचणीत चौदापैकी दहा चुकले. लंगड्याला तिनं ऐटीत चालवलं होतं आणि ऐटबाजाला लंगडत. सरांनी चष्मा काढून पुसला आणि कागद पुन्हा तिच्याच हातात दिला, त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

तशीच ती माहेराकडं निघाली. माहेर म्हणजे घर नव्हे, मेंढरं. तिचा बाप यमाजी बहात्तर वर्षांचा. आता तो मेंढरं घेऊन कोकणात उतरत नाही, पण साठेक मेंढरं अजून राखतो. शेतकरी खतासाठी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेतात; त्या आठवड्यात एका कांदा काढलेल्या वावरात त्याचा मुक्काम होता. दिवस कलायला आला होता. आई बाळाबाई चहा ठेवत होती आणि यमाजी वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी बसून मेंढरं आत घेत होता.

यमाजी मेंढरं कधी मोजत नाही. तो चाल बघतो. एकेक मेंढरू समोरून आत जातं आणि त्याची नजर पायांवर असते.

"ही रखडतीया, खूर बघाया पायजे," तो स्वतःशीच बोलत होता. "ही म्हातारी दमली, पर थांबायची न्हाई. ह्यो एडका बघ, कसा छाती काढून चाललाय, जसा काय गावचा पाटील. आन् हे काल जन्मलेलं, ह्याचं चार पाय चार दिशंला."

पुष्पा ऐकत राहिली. मग तिनं पिशवीतला कागद काढला.

हे सगळं तिला लहानपणापासून माहीत होतं. रात्री मेंढरू मरून पडायच्या आधी संध्याकाळीच त्याची चाल बदलते, हे बापानं तिला ती सात वर्षांची असताना शिकवलं होतं. खूर दुखणारी ती लिंप. दमूनही न थांबणारी म्हातारी ती ट्रज. एडका तर बघायलाच नको, स्ट्रट. कालचं कोकरू टॉटर. तिनं बापाशेजारी बसून चौदापैकी तेरा शब्द मेंढरांना वाटून टाकले. स्ट्राइडला तेवढं कोणी मिळेना. लांब टांगा टाकत ताठ चालणं मेंढरांच्या स्वभावातच नसतं.

"काय पुटपुटतीस?" बाळाबाईनं चहा देत विचारलं.

"अभ्यास करतीया," पुष्पा म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो खरंच अभ्यास होता.

त्यानंतर महिनाभर ती अंगणवाडी सुटली की मेंढरांकडं जायची. चाचणीत चौदाच्या चौदा बरोबर आले. फक्त एका वाक्यात सरांनी लाल रेघ मारली. 'म्होरक्या आपल्या लोकांच्या पुढे चालू लागला' असं इंग्रजीत लिहायचं होतं. पुष्पानं 'मागे' लिहिलं होतं.

"म्होरक्या मागे कसा चालेल?"

"सर, पुढं चालला तर लंगडं मागं राहिल्यालं त्याला कसं दिसंल? माझा बा कायम मागनंच चालतो."

सर हसले. मार्क मात्र दिला नाही. मास्तर तो मास्तरच.

परीक्षेत उतारा होता एका म्हाताऱ्या प्रवाशावर, आणि तो पानभर चालतच होता. पुष्पाला तो ओळखीचा वाटला. शेवटी निबंध होता, तुम्हाला आवडणाऱ्या व्यक्तीवर. एका मोठ्या नेत्याचा निबंध तिला स्वल्पविरामासकट पाठ होता. तिनं पेन उचललं आणि पाठ केलेलं सोडून दिलं. साध्या, मोडक्या इंग्रजीत तिनं लिहिलं, की माझा बाप मेंढरं मोजत नाही.

त्या दिवशी ती एसटीतून उतरली आणि थेट वावराकडं निघाली. यमाजी बांधावर बसला होता. ती अजून लांब होती, चेहरासुद्धा दिसत नव्हता, तोच त्यानं बाळाबाईला हाक मारली, "अगं, पोरगी पास झाली."

जवळ आल्यावर पुष्पाला हे कळलं आणि ती चिडलीच. "निकालाला अजून दोन महिनं हायेत! तुमी कशावरनं सांगता?"

"मागल्या दोन्ही खेपंला तू पाय वढत आली व्हतीस. म्या बोललो न्हाई, एवढंच. आज ढांगा टाकत आलीस."

पुष्पा तिथंच बांधावर बसली. तिला वाटलं होतं, पेपर बिघडल्याचं दुःख आपण छान लपवलं होतं. दोन्ही वेळा बापानं एक शब्द न विचारता शेळीचं दूध घातलेला चहा पुढं केला होता, तो का, हे तिला आज समजलं. डोळे भरून आले, ते तिनं पदरानं पुसले आणि धूळ गेली म्हणाली.

मे महिन्यात निकाल लागला. इंग्रजीत त्रेचाळीस. हनुमंतनं सगळ्या आळीला पेढे वाटले आणि इंग्रजांबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुष्पा मार्कांचा कागद घेऊन मेंढरांकडं निघाली, आणि वाटेत तिला लहर आली. म्हाताऱ्याला एकदा तरी फसवायचंच. वावर दिसू लागताच तिनं खांदे पाडले, मान खाली घातली आणि पाय ओढत, लंगडत, दोनदा ठेचकाळत, रडतखडत बांधापर्यंत गेली.

यमाजी तंबाखू मळत होता. त्यानं तिच्या पायांवरची नजर वर चेहऱ्याकडं नेलीसुद्धा नाही.

"किती मार्क पडलं?"

"बा, म्या एवढी लंगडत आले!"

"दुखणाऱ्या मेंढराचा एकच पाय दुखतो," यमाजी म्हणाला. "तू दोन्ही पायांनी लंगडत व्हतीस. बस. च्या घे. जुलैपासनं तुला टाईम घावायचा न्हाई."