हवाबंदचा बुधला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढणारा माझा एक दोस्त होता. सगळे त्याला हवाबंद म्हणत. गळती दिसली की गडी बेचैन! नळ ठिबकला तर भरल्या ताटावरून उठणार, डब्याचं झाकण सैल लागलं तर लगेच रबर चढवणार.

त्याची बायको म्हणायची, "अहो, एक ठिगळ माझ्या तोंडालाही लावा."

"एवढं रबर कुठून आणू?" हा म्हणायचा.

तर या हवाबंदने एकदा घरी लाल वाइन करायला घेतली. काळी द्राक्षं आणून हाताने मस्त चुरगाळली. पण ती ठेवायची कशात? बायकोने रुंद तोंडाचं पिंप पुढे केलं. "यात घाला, वर फडकं बांधा. आंबलं की फुगतं, जागा नको?"

"फडक्यातून हवा जाते," हा म्हणाला. झालं! अरुंद गळ्याचा काचेचा मोठा बुधला त्याने काठोकाठ भरला, तोंडावर ट्यूबचं जाड रबर ताणलं आणि तारेने आवळलं. आंबायला ऊब हवी, आणि घरात सगळ्यात उबदार खोली आईची, म्हणून ठेवला तिच्या उशाशी. म्हातारी बिचारी अंथरुणाला खिळलेली.

दोन-तीन दिवस गेले. भर दुपारी हवाबंद धापा टाकत माझ्या दारात. तोंडातून एकच शब्द, "आई."

मी तसाच अनवाणी धावलो. खोलीच्या दारात आलो. रबर चेंडूसारखं टम्म फुगलेलं. द्राक्षांच्या साली वर येऊन गळ्यात गच्च बसलेल्या. काच मधूनच टिक्‌ करायची. म्हातारी झोपलेली, गाल बुधल्यापासून वीतभर.

"खाट ओढू या?" मी कुजबुजलो.

"बुधला खाटेला टेकलाय. हलला तर गेलीच ती."

"मग तार काप."

"एकदम सुटलं तर काच फुटेल." त्याच्या कपाळावरून घाम टपटपत होता.

बाहेरच्या खोलीतली गादी उचलून मी श्वास रोखून म्हातारीवर आडवी घातली. हवाबंदने दाभण काढलं, तोंड वळवलं आणि हात लांब केला. टोक रबराजवळ नेलं आणि मागे घेतलं.

"माझ्याच्याने भोक पडायचं नाही रे. आजवर बुजवतच आलोय."

"अरे, आई आहे तुझी! टोच!"

त्याने डोळे मिटून टोचलं. फुस्स! जांभळी चिळकांडी थेट छताला. सालीने भोक बुजलं की ती थांबायची, रबर पुन्हा ताठ व्हायचं. हा पुन्हा टोचायचा, आणि दर वेळी मला वाटायचं, आता काच जाते. शेवटी रबर लुळं पडलं. हवाबंद भिंतीला धरून खाली बसला.

गादीखालून आवाज आला, "मेल्या, मलाही हवाबंद केलंस का? जीव घुसमटला माझा!"

गादी काढली तर म्हातारीच्या कपाळावर जांभळे ठिपके. तिने बोटाने पुसून चाखलं. "गोड आहे की. पण माझ्या उशाशी नको."

बायकोने पिंप आणलं आणि बुधला त्यात रिकामा केला. फडकंही तिनेच बांधलं. हवाबंद आईचे पाय धरून पिंपाकडे बघत होता. फडक्यातून हवा चुर्रचुर्र निघत होती, तरी तो बुजवायला उठला नाही.